बागेतलं लोखंड

२ सप्टेंबर

खोली मिळाली. सलूनच्या वर आहे, जिना बाहेरून. एक खिडकी, एक खाट, एक खुर्ची, भिंतीला एक खुंटी. सगळं एकेकच. बांधणाऱ्याला मी येणार हे आधीच कळलं होतं की काय कोण जाणे. खिडकीतून खिंड दिसते आणि तिच्या अलीकडची ती दरी, जिच्यासाठी मी इथवर तंगडतोड करत आले.

सरांना फोन केला. खोलीचं वर्णन ऐकून म्हणाले, "म्हणजे खिळा भिंतीत बसला एकदाचा." मी त्यांच्या हाताखाली काम सुरू केलं तेव्हा पहिल्याच दिवशी खिळे ठोकलेले बूट घालून मॅग्नेटोमीटरला, चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राला, चिकटून बसले होते. अख्ख्या दिवसाची नोंद वाया गेली. सर रागावले नाहीत. फक्त माझं नाव खिळा ठेवलं. केस पिकायला लागले तरी मी खिळाच आहे.

फोनवर सरांच्या मागून त्यांच्या बायकोने, काकूंनी, ओरडून विचारलं की पांघरूण पुरेसं आहे का. आहे म्हटलं. नाही खरं तर.

५ सप्टेंबर

केस कापून घेतले. वाढले होतेच थोडे. सलूनवाल्याने विचारलं, काय काम करता. डोंगराचा एक्स-रे काढते म्हटलं तर तो गंभीर होऊन म्हणाला, का, डोंगराला काय झालंय. मग त्याला नीट सांगावं लागलं. इथे तसंच लिहून ठेवते, कारण त्याला सांगताना मलाच ते पहिल्यांदा सोपं वाटलं.

सूर्याकडून येणाऱ्या झोतांमुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सारखं हलत असतं. ते हललं की जमिनीत अगदी बारीक वीज उठते. कोरडा, घट्ट खडक तिला वाट देत नाही. भेगाळलेला, पाणी मुरलेला खडक देतो. मग सगळी वीज तिथे गर्दी करते आणि जमिनीत पुरलेल्या यंत्राला ती गर्दी कळते. प्रत्येक ठिकाणच्या नोंदीतून एक बाण काढता येतो. बाण गर्दीच्या दिशेला तोंड करतो.

हा डोंगर दोन भूभाग एकमेकांवर आदळून वर आला. ते जिथे जुळले तो सांधा उंच कण्याखाली आहे असं सगळे मानतात. सर चाळीस वर्षांपूर्वी म्हणाले की नाही, तो या लहान दरीखाली आहे, आणि अजून ओला आहे. त्यांच्याजवळ तेव्हा तीन ठिकाणच्या नोंदी होत्या. परिषदेत कोणीतरी म्हणालं, तीन बाण आणि एक हट्टी माणूस. लोक हसले. सर अजून ते वाक्य स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात, पण प्रत्येक वेळी सांगतात.

दरीच्या दोन्ही काठांवरचे बाण समोरासमोर तोंड करून उभे राहिले, तर सर बरोबर. सगळे कण्याकडे वळले, तर संपलं. बर्फ पडून खिंड बंद व्हायच्या आत हे ठरायला हवं. सरांचे गुडघे गेले, पुढे कोणी विद्यार्थी नाही. उरले मी.

सलूनवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कानावरचे अजून कमी करू का.

११ सप्टेंबर

सहाही यंत्रं पुरून झाली. तीन दरीच्या अलीकडे, तीन पलीकडे. ओझं खेचरावर. यंत्राजवळ लोखंड नको, म्हणून नाल ठोकलेलं खेचर लांब बांधायचं. मग खेचरवाल्याने स्वतःच्या खिशातला चाकू काढला, किल्ल्या काढल्या, पट्ट्याचं बक्कल बघून पट्टाही काढला, आणि नंतर एका हाताने विजार धरून दुसऱ्या हाताने खड्डा खणला. एवढी निष्ठा मी भल्याभल्या संशोधकांत पाहिली नाही. हसून हसून माझं पोट दुखलं. किती दिवसांनी.

त्याने विचारलं, हे इथे ठेवून तुम्ही खाली काय करणार. वाट बघणार म्हटलं. खोलवरचं कळायला हवं असेल तर क्षेत्राचे संथ, लांबलचक हेलकावे पकडावे लागतात. त्याला आठवडे जातात, आणि मध्ये नोंद तुटून चालत नाही.

वर कोणी नाही. वारा आणि दगड. मला एकटेपणाचा त्रास होत नाही, असं मी खेचरवाल्याला सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

२० सप्टेंबर

सातवं यंत्र, म्हणजे आमचं बेस, सरांच्या घरामागच्या बागेत आहे. डोंगराच्या पलीकडे, सपाटीवर. त्या दिवशी आकाशाने काय केलं ते बेस सांगतं. ते वजा केल्याशिवाय डोंगर काय म्हणतोय ते कळत नाही. बागेची नोंद रोज संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर येते. उघडली की वाटतं, सरांनी दिवसभरात काय केलं ते कोणी दाखवतंय. अर्थात त्यात सर नसतात, नुसतं आकाश असतं.

आज फोनवर सर म्हणाले, "येऊन जा एकदा. काकू म्हणतेय." नोंद चालू आहे म्हटलं. डोंगराला वळसा घालून जायचं म्हणजे दोन दिवस जाणार, दोन येणार. इकडे एखादी बॅटरी बसली तर? ते म्हणाले बरोबर आहे, मीही तेच म्हणालो असतो. धाप लागली होती. बागेतून धावत फोनला आले असणार. या वयात कशाला धावायचं?

२८ सप्टेंबर

झालं. दुष्काळात तेरावा महिना. कालपासून बेसच्या नोंदीत सकाळी दहाच्या सुमारास लोखंड येतंय. रेषा एकदम सरकते, तासभर तशीच राहते, मग परत जागेवर. काहीतरी जड, धातूचं, यंत्राजवळ येतं आणि जातं.

सरांना विचारलं. म्हणाले, "शेजाऱ्याची सायकल असेल." मी म्हटलं, सांगा त्याला. सांगतो म्हणाले.

२ ऑक्टोबर

रोज येतंय. आज रेषा मोठी करून पाहिली. हा सायकलवाला विलक्षण आळशी आहे. एकदम येत नाही. थोडा येतो, थांबतो. आणखी थोडा येतो, पुन्हा थांबतो. चार टप्प्यांत यंत्रापाशी पोचतो आणि ऊन चढेपर्यंत तिथेच. जातानाही तसाच. काल तर मध्येच थांबला तो हललाच नाही बराच वेळ. एवढीशी बाग, तेवढ्यात विश्रांती घेत कोण सायकल ढकलतं?

हे सकाळचे तुकडे कापून फेकता येतील, पण रोज रोज कापलं तर लांब हेलकावे तुटतात, आणि मला तेच हवे आहेत. इथे मी वर थंडीत एकेक दगड जपतेय आणि तिथे माणसं बागेत सायकली लावतायत.

७ ऑक्टोबर

आज बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. "सर, तुम्ही मला पहिल्या दिवशी शिकवलंत ना, मग तुमच्याच बागेत हे कसं चालतं? तुमचाच सिद्धांत आहे, माझा नाही. ते जे काही आहे ते आजच्या आज हलवा." माझा आवाज एवढा चढला की खाली सलूनमधली कात्री थांबली.

सर म्हणाले, "बरं. उद्यापासून नाही येणार."

मग पुन्हा विचारलं, खोलीत ऊब आहे का, जेवतेस का. मी रागातच होते. हो म्हटलं आणि फोन ठेवला.

१० ऑक्टोबर

बेसची नोंद स्वच्छ. सलग. कशी टाकीचे घाव घालून सरळ केल्यासारखी रेषा. शेवटी बोलल्याशिवाय काम होत नाही हेच खरं.

तरी संध्याकाळी थोडं चुटपुटल्यासारखं झालं. सरांना मी असं कधी बोलले नव्हते. फोन करावा म्हणून उचलला. पण काय सांगणार? नोंद चांगली आहे, एवढंच. ते त्यांना माहीतच असणार. खाली सलून बंद झालं. ते बंद झालं की या इमारतीत माझ्या स्टोव्हचाच काय तो आवाज. स्टोव्हला म्हटलं, तू तरी नीट पेट.

१५ ऑक्टोबर

काकूंनी फोन घेतला. सर झोपलेत म्हणाल्या. दुपारी! दुपारी झोपणाऱ्यांची टिंगल करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते. निवृत्तीने माणूस कुठल्या कुठे जातो बघा. मागे ठोकाठोक ऐकू येत होती. विचारलं तर म्हणाल्या, सुतार आलाय.

तासाभराने सरांचाच फोन. आवाज खोल गेलेला, झोपेतून उठल्यामुळे. एकच विचारायचं होतं: लाकडी खुंट्या आणि सरस एवढ्यावर केलेली वस्तू यंत्राला अगदी खेटून ठेवली तर चालेल ना? मी म्हटलं, सर, हे मी तुम्हाला सांगायचं? लाकूड कितीही आणा. ते खूश झाले. यंत्रावर नवी पेटी करत असणार. जुनी चांगली होती की. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. काम स्वतःच्या मनासारखंच व्हायला हवं.

ठेवताना पुन्हा म्हणाले, "मग कधी येतेस?" बर्फाआधी यंत्रं उचलली की थेट तिकडेच, म्हटलं. नकाशा घेऊनच येईन. "ये, ये," म्हणाले. "नकाशा नसला तरी ये."

१८ ऑक्टोबर

पुन्हा केस कापायला गेले. सलूनवाला म्हणाला, कापायला काही उरलं नाहीये. मी म्हटलं, मानेवरचे बघा जरा. त्याने बघितल्यासारखं केलं आणि त्याच्या मेहुण्याच्या दाढदुखीची गोष्ट सांगितली. चांगली होती गोष्ट.

२१ ऑक्टोबर

वादळ आलं. आकाशात ढगाचा तुकडा नाही, वारा नाही, खाली बाजारात माणसं भाज्या घेतायत, आणि सातही यंत्रांच्या रेषा वेड लागल्यासारख्या हलत असणार. सूर्यावरून मोठा झोत निघाल्याचं कालच कळलं होतं. सरांनी सकाळी लवकर फोन केला. कुजबुजल्यासारखं बोलत होते, काकू उठायला नको म्हणून असेल. म्हणाले, "आज लोक वर बघतील. तू खाली बघ. मी इकडे आहेच."

इकडे म्हणजे कुठे, असं विचारायचं राहिलं. बागेची नोंद अप्रतिम आली आहे. दिवसभर, एक ओरखडा नाही.

२४ ऑक्टोबर

वर जाऊन सहाही ठिकाणच्या नोंदी आणल्या. कालपासून हिशेब चालू होता. आज दुपारी बाण आले.

अलीकडचे तीन बाण पलीकडे वळलेत. पलीकडचे तीन अलीकडे. सहाही दरीकडे तोंड करून उभे. मी तीनदा नव्याने काढले. तेच. सांधा दरीखाली आहे. ओला आहे. चाळीस वर्षं हा माणूस बरोबर होता.

खोलीत येरझाऱ्या घातल्या, पण खोली एवढी लहान की तीन पावलांत भिंत येते. खाली जाऊन सलूनवाल्याला सांगितलं. तो एकाच्या गालावर साबण लावत होता. अभिनंदन म्हणाला, आणि साबणातल्या माणसानेही मान हलवली. बस्स. एवढी मोठी गोष्ट, आणि सांगायला एक न्हावी आणि एक अर्धी दाढी झालेला माणूस. तेव्हा मात्र फार एकटं वाटलं, खोटं कशाला लिहू.

सरांना फोन लावला. काकूंनी घेतला. झोपलेत. मला नुसतं हसूच येत होतं, वाक्य धड होईना. काकू म्हणाल्या, "सांगू का काही?" जिभेवर आलं होतं. पण नाही सांगितलं. हे काय कोणाच्या हाती पाठवायचं? समोर बसून, नकाशा उलगडून, त्यांचा चेहरा बघत सांगणार. सर कुठे पळून चाललेत? "काही नाही काकू, मी येतेय, तेव्हाच," म्हटलं. काकू हो म्हणाल्या. त्यांचा आवाज बसल्यासारखा होता. हवा बदलली आहे सगळीकडेच.

२५ ऑक्टोबर

उद्यापासून यंत्रं उचलायची. वर फोन लागत नाही, त्यामुळे चारपाच दिवस शांतता. नकाशा छापून घेतला, मोठा. गुंडाळी करून खुंटीला टांगला. बाण लाल काढलेत. सर म्हणतील लाल कशाला, काळे पुरे होते.

३० ऑक्टोबर

खाली आले. बूटही काढले नव्हते तोच फोन वाजायला लागला, एकामागून एक, साठलेले संदेश. काकूंचे. पहिला सव्वीस तारखेचा. मला पुढचे वाचवेनात.

खेचरवाला खाली सामान उतरवत होता. बराच वेळ मी खाली आले नाही म्हणून तो वर आला, दारातून बघितलं, आणि काही न विचारता सगळी खोकी एकेक करून वर आणून ठेवली. मग जिन्यात बसून राहिला. त्याचे पैसे द्यायचे आहेत म्हणून बसला असेल असं वाटून मी पाकीट काढलं. तो म्हणाला, उद्या बघू, आणि तरी गेला नाही.

२ नोव्हेंबर

सरांच्या घरी पोचले. सगळं उरकलं होतं. काकूंनी दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, "केस का गं एवढे कापलेस?" मग आम्ही दोघी दारातच रडलो.

उन्हाळ्यातच कळलं होतं म्हणे. हाडांत पसरलं होतं. मला कळवायचं नाही असं सरांनी सगळ्यांना बजावलं होतं. कळलं तर ती येईल, नोंद सोडून. मी म्हटलं, आले असते का मी? काकू म्हणाल्या, "त्यांना वाटायचं येशील. म्हणूनच नाही सांगितलं. पण येऊन जा, येऊन जा म्हटल्याशिवायही त्यांना राहवायचं नाही."

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात चाकांची खुर्ची होती. दुमडून ठेवलेली. लोखंडी, जड.

मला समजायला इतका वेळ लागला याचीच लाज वाटली. मी हळू विचारलं, "काकू, ही बागेत न्यायचे का? सकाळी?"

"रोज. यंत्रापाशी बसायचंय म्हणायचे. माझ्या हातून एका दमात ढकलली जायची नाही, मग थांबत थांबत. तू रागावलीस ना, त्या दिवसापासून नाही गेले. खिडकीतून बघत बसायचे. मी म्हटलं, अहो, तासाभराने काय होतंय? तर म्हणाले, तिचं बरोबर आहे. मग तो सुतार बोलावला."

बागेत गेले. यंत्राच्या अगदी शेजारी लाकडी खुर्ची होती. उंच पाठीची, हातांची, खाली दोन्ही बाजूंना उचलायला दांडे. खुंट्या लाकडाच्या, सांधे सरसाचे. काकूंनी सांगितलं, सुतार म्हणाला होता, चार खिळे मारतो, आयुष्यभर हलणार नाही. सर त्याला म्हणाले, एक खिळा डोंगरात ठोकलाय, तेवढा पुरे.

सुतार आणि शेजारी मिळून त्यांना रोज उचलून नेत. वादळाच्या दिवशी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत ते तिथेच बसून होते. कोणाचं ऐकेनात. शेजाऱ्याला घड्याळ काढायला लावलं, काकूंना केसांतल्या पिना.

मी सांगितलं, काकू, बाण वळले होते. मी त्यांना सांगितलंच नाही. समोरासमोर सांगायचं म्हणून ठेवलं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

काकू म्हणाल्या, "माहीत होतं त्यांना. त्या दिवशी तुझा फोन ठेवला आणि मी सांगितलं, खिळ्याचा होता, नुसती हसतेय, बोलत काहीच नाही. तर म्हणाले, मग वळले बाण."

३ नोव्हेंबर

यंत्र अजून चालू आहे. बंद करायला माझा हात धजला नाही.

सकाळी काकूंनी विचारलं, "ते बागेत असले की तुझ्या त्या रेषेत दिसायचं का?" दिसायचं म्हटलं. "मला दाखव." मी हिशेबातून कापून टाकलेले तुकडे मूळ नोंदीत शाबूत होते. ते छापून आणले आणि मेजावर पसरले.

सुरुवातीला त्यांना काही कळेना. मग मी रेषेची पहिली पायरी दाखवली, तशा त्या बोट ठेवून वाचायला लागल्या. हा उंबरठा. ही फरशी संपते ती जागा. इथे झाडाखाली दम खायचो. हा यंत्रापाशी. मी ज्याला आळशी सायकलवाला म्हटलं होतं, त्याच्या एकेका थांब्यावर काकू थांबत होत्या. बराच वेळ न हललेल्या त्या दिवसावर आल्या आणि म्हणाल्या, "इथे चाक रुतलं होतं. मला निघेना. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो." मी फेकून दिलेल्या तुकड्यांत त्या त्यांचा संसार वाचत होत्या, आणि मी शेजारी बसून शिकत होते.

मग त्यांनी पुढची पानं घेतली. सुतार येऊन गेल्यानंतरची. वादळाचं पान तर मेजावर मावत नव्हतं. रेषा वरखाली उसळलेली, पण सगळं आकाशाचं. पायरी कुठे नाही. काकूंनी पान उजेडात धरलं, पालथं करून पाहिलं, पुन्हा मेजावर ठेवलं.

"इथे तर काहीच नाही गं. इथे कुठे आहेत ते?"

"इथे ते लाकडी खुर्चीत बसलेत, काकू," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. पायऱ्यांची पानं त्यांनी नीट लावून बाजूला ठेवली, आणि दुपारच्या चहापर्यंत त्या त्याच एका पानाकडे बघत बसल्या.